ताईंच्या अहवालातील 'पीईकोमा' : घाई कशाची करावी, कशाची करू नये

प्रश्न : माझी मोठी बहीण ४७ वर्षांची आहे. वर्षभर तिच्या अंगावरून फार जात होते. सोनोग्राफीत फायब्रॉइडची गाठ दिसली, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीने पिशवी काढली. सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच बायॉप्सीचा रिपोर्ट आला. त्यात 'पीईकोमा, घातकतेबाबत अनिश्चित' असे लिहिले आहे. गाठ साडेसहा सेंटीमीटरची होती. पेशींचे विभाजन अगदी कमी, नेक्रोसिस नाही, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, एचएमबी-४५ आणि एसएमए पॉझिटिव्ह असेही त्यात आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सरळ सांगितले की असा रुग्ण त्यांनी आजवर पाहिलेला नाही. आमच्या नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, लगेच केमो सुरू करा. इंटरनेटवर शोधले तर मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत अशी एकेक नावे येत गेली आणि हा आजार आनुवंशिक असतो असेही वाचले. ताईची मुलगी १९ वर्षांची आहे. तिलाही तपासावे का? ताईला आणि दाजींना आम्ही अजून काही सांगितलेले नाही. 'साधी गाठ होती' एवढेच त्यांना माहीत आहे. हा कॅन्सर आहे की नाही, एवढे तरी सांगा.
– एक वाचक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्ही कळवलेल्या निष्कर्षांवरून ताईंच्या गाठीला आज कॅन्सर म्हणता येत नाही, पण 'काहीच नव्हते' असे म्हणून फाइल बंदही करता येत नाही. हे उत्तर अपुरे वाटेल, याची मला जाणीव आहे. मात्र 'अनिश्चित' हा शब्द लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने काही टाळलेले नाही. या गाठींच्या वर्गीकरणात तो एक मान्य गट आहे आणि त्यात कोणत्या गाठी बसतात, हेही ठरलेले आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. केमोचा, जनुकीय तपासणीचा किंवा आणखी कसलाही निर्णय घेण्यापूर्वी या गाठीचे पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्स सार्कोमाचा, म्हणजे स्नायू, चरबी, हाडे अशा ऊतींपासून होणाऱ्या कॅन्सरचा, मोठा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. ते का आणि कसे करायचे, हे सांगण्यापूर्वी या आजाराची ओळख करून देतो, म्हणजे इंटरनेटवर दिसलेल्या नावांनी उडवलेला गोंधळ थोडा निवळेल.

पीईकोमा ही एकच गाठ नसून गाठींचे एक कुटुंब आहे. या सर्व गाठींत एक विशिष्ट प्रकारची पेशी सापडते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून वाढते, तिचा पेशीद्रव स्वच्छ किंवा फिकट गुलाबी व कणीदार दिसतो आणि तिच्यात एकाच वेळी दोन वेगळ्या ऊतींच्या खुणा मिळतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत आढळणारी प्रथिने तिच्यात असतात आणि गर्भाशय, आतडे यांच्या भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूंची प्रथिनेही असतात. तुमच्या अहवालातील एचएमबी-४५ ही पहिल्या गटाची खूण आहे, तर एसएमए दुसऱ्या गटाची. निरोगी शरीरात या पेशीची मूळ जोडीदार कोणती, हे अजून कोणालाही दाखवता आलेले नाही. म्हणूनच या गाठी कोणत्या अवयवात होतात यापेक्षा त्या कोणत्या पेशीच्या बनलेल्या आहेत, यावर त्यांना एकत्र आणले गेले. इटलीतील व्हेरोना येथील बोनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मांडली, १९९६ मध्ये 'पीईकोमा' हे नाव रूढ होऊ लागले आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठींना स्वतंत्र स्थान मिळाले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या अनेक उत्तम डॉक्टरांना विद्यार्थिदशेत हे नाव कधी भेटलेच नसेल. तुमच्या डॉक्टरांनी 'मी असा रुग्ण पाहिलेला नाही' असे मोकळेपणाने सांगितले, त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो.

या कुटुंबातील सर्वांत नेहमी आढळणारी गाठ म्हणजे मूत्रपिंडातील अँजिओमायोलिपोमा. ती रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून बनलेली असते, बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक दिसते आणि बहुधा निरुपद्रवी असते. ती साधारण चार सेंटीमीटरच्या पुढे गेली की तिच्यातून रक्तस्राव होण्याची भीती वाढते, म्हणून तिच्या आकारावर नजर ठेवली जाते. दुसरा सदस्य फुप्फुसांतला, लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस, ज्याला डॉक्टर थोडक्यात लॅम म्हणतात. हा आजार जवळजवळ फक्त स्त्रियांना होतो. त्यात फुप्फुसांत पातळ भिंतींच्या अनेक पोकळ्या तयार होतात, दम लागतो आणि कधी फुप्फुसाभोवती हवा साठून ते अचानक आकसते. तिसरी फुप्फुसातली 'शुगर ट्यूमर'. तिच्या पेशींत ग्लायकोजेन भरपूर असते, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे, मधुमेहाशी तिचा काही संबंध नाही. यांखेरीज गर्भाशय, यकृत, आतडे, पोटाच्या मागच्या बाजूचा भाग आणि हातापायांतील मऊ ऊती अशा निरनिराळ्या ठिकाणी याच पेशींच्या गाठी होतात आणि त्यांना नुसते 'पीईकोमा' म्हणतात. ताईंची गाठ या शेवटच्या गटातली आहे. तुम्हाला इंटरनेटवर जे अवयव दिसले ते या कुटुंबाचे निरनिराळे पत्ते होते. ताईंच्या मूत्रपिंडात, फुप्फुसात आणि यकृतात आजार पोहोचला आहे, असा त्याचा अर्थ कृपया घेऊ नका.

आता अहवालाकडे वळू. २००५ मध्ये अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट फोल्प आणि सहकाऱ्यांनी मऊ ऊतींतील व स्त्रीरोगांशी संबंधित अवयवांतील २६ पीईकोमांचा अभ्यास करून काही निकष सुचवले. आजही बहुतेक पॅथॉलॉजिस्ट त्यांचाच आधार घेतात. गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी आहे का, ती आजूबाजूच्या ऊतीत घुसत आहे का, पेशींची केंद्रके विद्रूप व पेशींची दाटी जास्त आहे का, सूक्ष्मदर्शकाच्या ५० मोठ्या क्षेत्रांत पेशीविभाजनाची एकापेक्षा अधिक चित्रे दिसतात का, गाठीचा काही भाग मृत झाला आहे का आणि पेशी रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, हे त्यात पाहिले जाते. यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी असतील तर गाठ घातक मानतात. नुसता आकारच मोठा असेल आणि बाकी काही नसेल, तर तिला 'घातकतेबाबत अनिश्चित' म्हणतात. ताईंच्या बाबतीत साडेसहा सेंटीमीटर हा आकार एवढी एकच गोष्ट विरुद्ध बाजूला आहे आणि उरलेल्या, निदान तुम्ही कळवलेल्या, सर्व गोष्टी अनुकूल आहेत. गर्भाशयाच्या पीईकोमासाठी तर पुढे काही तज्ज्ञांनी हा उंबरठा आणखी वर नेला आणि अशी तीन किंवा त्याहून अधिक चिन्हे असली तरच घातक म्हणावे, असे सुचवले. केंद्रकांचे स्वरूप कसे होते आणि गाठीची कड गर्भाशयाच्या स्नायूत घुसलेली होती की वेगळी ओळखू येत होती, या दोन मुद्द्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. अहवालात तो आहे का पाहा. नसेल तर पॅथॉलॉजिस्टना भेटून विचारा.

फेरतपासणीचा आग्रह धरण्याचे कारण हे की गर्भाशयात या गाठीशी रंगरूपाने मिळतीजुळती दिसणारी आणखी काही अर्बुदे होतात. गर्भाशयाच्या स्नायूपासून होणारे लायोमायोसार्कोमा, अस्तराखालच्या ऊतीपासून होणारे काही सार्कोमा आणि स्वच्छ पेशींचा कार्सिनोमा ही त्यांतली मुख्य नावे. स्नायूंच्या काही गाठींतही एचएमबी-४५ थोड्या प्रमाणात पॉझिटिव्ह येते, त्यामुळे केवळ त्या एका खुणेवर विसंबता येत नाही. मेलन-ए, कॅथेप्सिन-के, डेस्मिन, एस-१०० अशा आणखी काही चाचण्या एकत्र पाहाव्या लागतात आणि त्याचबरोबर टीएफई-३ हीसुद्धा केलेली चांगली; तिचे महत्त्व पुढे औषधांच्या संदर्भात सांगतो. निदान बदलले तर उपचारही पूर्ण बदलतात, आणि निदान कायम राहिले तरी ते पक्के असल्याची खात्री ताईंना पुढची अनेक वर्षे पुरेल.

हे प्रत्यक्षात कसे करावे, ते नीट सांगतो. बायॉप्सी ज्या प्रयोगशाळेत झाली, तेथे लेखी अर्ज देऊन गाठीचे सर्व पॅराफिन ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड्स मागा. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्याच्या कडेला क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक अहवालातील क्रमांकाशी जुळतो का, हे तिथेच ताडून पाहा आणि किती ब्लॉक मिळाले त्याची नोंद घ्या. त्याच वेळी एक प्रश्न अवश्य विचारा: फॉर्मलिनमध्ये ठेवलेला गर्भाशयाचा उरलेला भाग अजून आहे का? प्रयोगशाळा असे नमुने अहवाल दिल्यावर साधारणपणे काही आठवडेच ठेवतात आणि मग नष्ट करतात, तर ब्लॉक वर्षानुवर्षे जपून ठेवतात. एवढ्या मोठ्या गाठीचे मोजकेच तुकडे घेतलेले असतील, तर उरलेल्या भागातून आणखी तुकडे तपासता येतात, आणि ताईंच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झालेले असल्यामुळे हे विचारण्यासाठी आता एक दिवसही घालवू नका. घाई करायची असेल तर ती इथे करा. प्रवासात ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नयेत, कारण मेण उष्णतेने मऊ पडते. स्लाइड्स काचेच्या असतात, त्या डबीतच न्याव्यात. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अस्थी व मऊ ऊतींच्या अर्बुदांवर काम करणारे पॅथॉलॉजिस्ट आणि शल्यविशारद आहेत आणि बाहेर निदान झालेल्या रुग्णांचे ब्लॉक तेथे पुन्हा पाहिले जातात. सांगलीहून तिथवर जाणे त्रासाचे आहे, पण या गाठीसाठी तो त्रास घेण्यासारखा आहे.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही एक गोष्ट विचारा. दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली तेव्हा गर्भाशय अखंड बाहेर काढले, की यंत्राने पोटातच त्याचे तुकडे करून काढले? फायब्रॉइड समजून काढलेल्या गर्भाशयाचे तुकडे करणे ही बऱ्याच ठिकाणी रूढ पद्धत आहे, परंतु आत वेगळी गाठ निघाली तर तिच्या पेशी पोटात सांडण्याची शक्यता असते. शिवाय तुकड्यांवरून गाठीची कड नीट तपासता येत नाही. हा प्रश्न कोणावर ठपका ठेवण्यासाठी विचारायचा नाही. पुढे पोटाची तपासणी किती बारकाईने आणि किती वारंवार करायची, हे त्या उत्तरावर बरेचसे अवलंबून आहे. शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत घ्या. ती प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवावी लागेल.

केमोबाबत माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या नातेवाईक डॉक्टरांची कळकळ मी समजू शकतो, पण पूर्ण काढून टाकलेल्या आणि 'अनिश्चित' गटातल्या पीईकोमासाठी नंतर केमो देण्याची कोणतीही प्रस्थापित पद्धत नाही. या गाठींवरचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे आणि तो ताईंवर झालेला आहे. सार्कोमासाठी वापरली जाणारी नेहमीची केमो पसरलेल्या पीईकोमातही फारशी परिणामकारक ठरत नाही. मग जिथे गाठ उरलेलीच नाही, तिथे केस जाणे, मळमळ, रक्तपेशी घटणे हे सगळे ताईंनी कशासाठी सोसायचे? फेरतपासणीत निदानच बदलले, तर हा मुद्दा नव्याने विचारात घ्यावा लागेल, आणि तो कर्करोगतज्ज्ञांनी समोरासमोर बसून घ्यायचा निर्णय आहे.

आज ताईंना गरज नसली तरी घातक पीईकोमासाठी एक वेगळ्या जातीचे औषध आहे, हे तुम्हाला ठाऊक असावे, कारण रात्री मोबाइलवर शोधताना मन नेहमी वाईटात वाईटाकडे धावते. यातील बऱ्याच गाठींत टीएससी-१ किंवा टीएससी-२ या जनुकांपैकी एक निकामी झालेले असते. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या वाढीला चालना देणाऱ्या एमटॉर या यंत्रणेचा लगाम धरून असतात. लगाम सुटला की पेशी वाढत राहतात. सिरोलिमस हे औषध नेमके या एमटॉरला रोखते. प्रशांत महासागरातील रापा नुई बेटावरची माती १९६४च्या सुमारास एका कॅनेडियन मोहिमेने गोळा केली होती, त्या मातीतल्या जिवाणूपासून हे औषध मिळाले. ते वेगळे करून त्याचा पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल हे आपल्या बनारस हिंदू विद्यापीठाचे विद्यार्थी. आरंभी ते मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून वापरले गेले. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला लॅमसाठी मान्यता मिळाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेल्या त्याच्या रूपाला पसरलेल्या किंवा काढता न येणाऱ्या घातक पीईकोमासाठी. ज्या अभ्यासावरून ही मान्यता दिली गेली, त्यात ३१ रुग्णांचे मोजमाप झाले आणि त्यांतल्या १२ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. टीएससी-२ मध्ये बिघाड असलेल्यांत हा गुण अधिक दिसला. टीएफई-३ या जनुकाची मोडतोड असलेल्या गाठींत सहसा टीएससीचा बिघाड नसतो, म्हणून या औषधाची त्यांच्याबाबत तितकी खात्री देता येत नाही. टीएफई-३ तपासून ठेवा असे मी वर म्हटले, ते यासाठी. संख्या लहान आहेत, पण इतक्या दुर्मिळ आजारात एवढे रुग्ण एकत्र आणून अभ्यास होणे हीच मोठी गोष्ट आहे. तुम्ही जी वाईट वर्णने वाचली असतील, त्यांत बहुतेक एकेका रुग्णाच्या हकिकती असतात आणि छापून येतात त्या सहसा अवघड वळण घेतलेल्या हकिकती. गाठ काढली आणि नंतर काहीच झाले नाही, अशा बाईंवर कोणी क्वचितच लेख लिहितो.

आता तुमच्या भाचीबद्दल. टीएससी-१ आणि टीएससी-२ या जनुकांतील बिघाड जन्मापासून सर्व पेशींत असेल, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा आजार होतो. जन्मणाऱ्या साधारण ६००० बाळांपैकी एकात तो असतो आणि तो आईवडिलांकडून मुलांकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मूत्रपिंडातील अँजिओमायोलिपोमा आणि लॅम यांचे या आजाराशी जवळचे नाते आहे. गर्भाशयातील पीईकोमा मात्र बहुतेक वेळा असा वारसा नसतानाच होतो. बिघाड फक्त त्या गाठीपुरता असतो. इथे एक गल्लत नेहमी होते, म्हणून स्पष्ट लिहितो. गाठीच्या तुकड्यावर जनुकीय तपासणी केली आणि 'टीएससी-२मध्ये बदल आढळला' असा अहवाल आला, तर त्यावरून आजार आनुवंशिक आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी ताईंच्या रक्ताची वेगळी तपासणी लागते. त्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. ताईंच्या अंगावर लांबट पानाच्या आकाराचे फिकट चट्टे आहेत का, नाकाच्या दोन्ही बाजूंना व गालांवर लहानपणापासून तांबूस बारीक पुटकुळ्या आहेत का, नखांच्या कडेला मांसल वाढ आहे का, लहानपणी फेफरे येत होते का, घरात आणखी कोणाला हे आहे का? यांपैकी काही नसेल आणि पुढे सांगतो त्या स्कॅनमध्ये मूत्रपिंडे व फुप्फुसे स्वच्छ असतील, तर भाचीच्या तपासणीची गरज मला दिसत नाही. काही आढळले, तर जनुकीय समुपदेशकाकडे आधी ताईंनी जावे. त्यांचा निष्कर्ष हाती येईपर्यंत मुलीला या चक्रात ओढू नये. बारावीनंतरच्या त्या वयात 'तुलाही होऊ शकते' हे वाक्य विनाकारण कानावर पडणे बरे नव्हे.

तो स्कॅन म्हणजे छाती, पोट आणि ओटीपोट यांचा सीटी, किंवा डॉक्टर सुचवतील त्याप्रमाणे पोटासाठी एमआरआय. गाठ इतरत्र कुठे आहे का, हे त्यात कळते आणि लॅमच्या पोकळ्या किंवा मूत्रपिंडातील गाठी आहेत का, तेही त्याच वेळी दिसते. पुढे ठरावीक अंतराने तपासण्या कराव्या लागतील. त्यांचे वेळापत्रक फेरतपासणीचा निष्कर्ष पाहून तज्ज्ञ ठरवतील. मात्र ही गाठ कधीकधी बऱ्याच वर्षांनीही पुन्हा उद्भवते, त्यामुळे दोन वर्षे सगळे ठीक निघाले म्हणून जाणे थांबवू नका. पाळी गेल्याच्या त्रासासाठी कोणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुचवल्या, तर फुप्फुसांचा स्कॅन दाखवल्याशिवाय त्या घेऊ नयेत, कारण लॅम असेल तर इस्ट्रोजेन टाळायला सांगतात.

हे सगळे ताईंना न सांगता कसे करणार आहात? ब्लॉक मागण्याच्या अर्जावर त्यांची सही लागेल, स्कॅनसाठी त्यांनाच झोपावे लागेल, परळला त्यांनाच जावे लागेल. तुम्ही त्यांच्या काळजीपोटीच गप्प राहिलात, यात मला शंका नाही, पण ४७ वर्षांच्या, घर चालवणाऱ्या बाईंना रुग्णालयाच्या रांगेत शेजारच्या माणसाकडून हे कळणे फार वाईट. तुम्ही आणि दाजी मिळून या आठवड्यात त्यांच्याशी बोला. दाजींना मात्र एक दिवस आधी सांगा, म्हणजे ते त्या वेळी सावरलेले असतील. जे खरे आहे तेच सांगा: गाठ पूर्ण काढली आहे, ती एका दुर्मिळ प्रकारची निघाली, घातक असल्याची चिन्हे अहवालात नाहीत, तरी मोठ्या तज्ज्ञांकडून खात्री करून घ्यायची आहे आणि नंतर नियमित तपासणी लागणार आहे. त्या 'कॅन्सर आहे का?' असे विचारतील. 'आज तरी तसे म्हणता येत नाही, म्हणूनच पुन्हा तपासून घेतोय', हे उत्तर त्यांना द्या. रडू आले तर येऊ द्या. भाचीला काय आणि केव्हा सांगायचे, हे ताईंनाच ठरवू द्या.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पोट फुगणे, ओटीपोटात दुखणे किंवा पुन्हा रक्त जाणे, लघवीतून रक्त येणे, आठवडाभर न जाणारा खोकला, यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. अचानक छातीत दुखून धाप लागली किंवा कंबरेच्या एका बाजूला एकदम तीव्र कळ येऊन चक्कर आली, तर घरी न थांबता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या, आणि तेथील डॉक्टरांना 'पीईकोमा' हे निदान आधी सांगा.